साडूच्या बॉनेटखालची हवा

बन्नीमंटपात पद्मनाभनं दोन मजली घर बांधलं, तेव्हा गुंडुरावांना हेवा वाटला नव्हता. निदान कुसुमावतीला त्यांनी तसं दोनदा सांगितलं होतं. पद्मनाभचा फ्लेक्स छापायचा धंदा असा काही चालला की वाढदिवस असो, निवडणूक असो नाहीतर श्रद्धांजली असो, म्हैसूरच्या चौकाचौकातले हसरे चेहरे त्याच्याच यंत्रातून बाहेर पडायला लागले. तेव्हाही गुंडुराव मोठ्या मनानं, "चालू दे, चालू दे," म्हणाले. पंचेचाळिशीत साडूच्या डोक्यावर शाबूत असलेले केस हा विषयसुद्धा त्यांनी घरात कधी निघू दिला नाही. पण २००५ सालच्या गणेश चतुर्थीला, सरस्वतीपुरमला सासऱ्यांच्या फाटकासमोर पद्मनाभनं आपल्या लाल एस्टीमचं बॉनेट उघडलं आणि गुंडुरावांच्या पोटात कळ आली. मोदकांवर तिचा आळ घेता आला नसता. मोदक अजून वाढायचे होते.

बॉनेटखाली एक स्टीलचा नळ होता. मनगटाहून जाड, कोपरात वाकलेला, आणि असा चकचकीत की त्यात बघून भांग पाडावा. नळाच्या टोकाला लाल रंगाचा, घड्या घड्यांचा एक सुळका बसवलेला होता.

"बेंगळूरहून बसवून आणलंय," पद्मनाभ म्हणाला. "कोल्ड एअर इन्टेक म्हणतात. इंजिनाला गार हवा मिळते, मग गाडी अशी ओढते की बस्स!"

घरची मंडळी बारशाला पाळण्याभोवती जमावी तशी बॉनेटभोवती जमली. गौराबाई, म्हणजे पद्मनाभची बायको आणि कुसुमावतीची धाकटी बहीण, एका अंगाला अशी उभी राहिली की जणू तो नळ तिनंच नऊ महिने वाढवला होता.

"अय्यो, किती सुंदर!" कुसुमावती म्हणाली आणि लगेच नवऱ्याकडे वळली. "अहो, आपल्या गाडीत तर ते काळं डबडं आहे ना?"

काळं डबडं म्हणजे कंपनीनं दिलेली हवा गाळायची पेटी. गुंडुरावांचं कुवेंपुनगरात तीस वर्षांचं गॅरेज होतं. त्यांचीही एस्टीमच, पांढरी. तिचं इंजिन त्यांनी स्वतः उतरवून हेड घासलं होतं, कॅमशाफ्ट बदलला होता, हवेच्या वाटा आतून हातानं गुळगुळीत केल्या होत्या. सात महिने लागले होते. पण हे सगळं आतलं काम, बॉनेट उघडून पाहुण्यांना दाखवण्याजोगं त्यात काही नव्हतं. आता पाहुण्यांसाठी इंजिन खोलून ठेवायचं म्हटलं तर आरतीच्या वेळेला ते बरं दिसलं नसतं.

हेही त्यांनी गिळलं असतं. पण मागून सासऱ्यांचा आवाज आला.

"गुंडू, यंदा रथाला कुणाच्या गाडीत बसायचं ते बघू."

दोन्ही जावई ज्यांना मामा म्हणत ते सासरे नागोजीराव ब्याऐंशी वर्षांचे होते. त्यांचा रंगारखाना बंद पडून वीस वर्षं झाली होती, तरी नखांच्या कडेला निळीची एक रेघ अजून होती असं मुली म्हणत. दरवर्षी दसऱ्यानंतर चामुंडी बेट्टावर, म्हणजे टेकडीवर, देवीचा रथ निघतो, त्याला ते जात, आणि जाताना गुंडुरावांच्या गाडीत पुढच्या सीटवर बसत. एकवीस वर्षं. आधी फियाटमध्ये, मग एस्टीममध्ये. त्या कुटुंबात घरादाराच्या कागदांवरून कधी भांडण झालं नाही, कारण थोरला जावई कोण ते त्या सीटवरून ठरलेलं होतं. आणि आज एकवीस वर्षांनी सासरे म्हणत होते, "बघू."

पानं मांडली गेली, मंडळी आत गेली. गुंडुराव मागं राहिले. आजूबाजूला कुणी नाही असं पाहून त्यांनी त्या नळावर पालथा हात ठेवला.

हा पालथा हात ही रंगाऱ्यांची विद्या. रंगाची कढई किती तापली, कापड कधी सोडायचं, हे नागोजीराव वाफेवर पालथा हात धरून सांगत; एखाद्या अंशाचा फरक पडला तर पडला. गुंडुराव विशीत त्यांच्याकडे तीन वर्षं राबले आणि ती विद्या त्यांच्या हातात उतरली. ती उतरली म्हणून नागोजीरावांनी थोरली मुलगी दिली, असं गुंडुराव सांगत. कुसुमावतीला हे कारण फारसं आवडत नसे.

नळ पंचावन्नवर होता. सुळक्याच्या तोंडाशी पन्नास. आणि रस्त्यावरच्या सावलीत अट्ठावीस.

गुंडुरावांच्या पोटातली कळ थांबली. त्या बेंगळूरच्या शहाण्यानं सुळका नेमका इंजिनाच्या कुशीत बसवला होता. बाहेरची गार हवा घ्यायला त्याला वाटच नव्हती. इंजिन जी हवा तापवून सोडत होतं, तीच हा लाल सुळका पुन्हा पीत होता. मोकळ्या रस्त्यावर वाऱ्यानं निभावून जाईल. पण चढावर, गर्दीत, पहिल्या गिअरमध्ये?

"कसं वाटलं, साडूभाऊ?" पद्मनाभ मागं येऊन उभा होता. चेहऱ्यावर खरीखुरी उत्सुकता. नऊ वर्षांनी लहान माणूस. मत विचारत होता.

सांगायचं तर एका वाक्याचं काम होतं.

"फार छान," गुंडुराव म्हणाले. "पद्मनाभराव, याला आता अजिबात हात लावू नका."

एरवी ते साडूला नुसतं पद्मनाभ म्हणत. राव लावला की काहीतरी शिजतंय हे कुसुमावतीनं ओळखलं असतं. पण ती आत मोदक वाढत होती.

दुसऱ्या दिवशी गॅरेजात गुंडुरावांनी गिऱ्हाइकाच्या दोन गाड्या बाजूला सारल्या आणि स्वतःची आत घेतली. खरं कोल्ड एअर इन्टेक कसं असतं ते त्यांना दाखवायचं होतं. कुणाला, हे त्यांनी स्वतःलाही सांगितलं नाही.

काळं डबडं त्यांनी तसंच ठेवलं. कंपनीच्या माणसांनी ते विचार करूनच केलेलं असतं. त्याचं तोंड मात्र वाढवलं. हार्डवेअरच्या दुकानातून करड्या प्लास्टिकचा अडीच इंची पाइप आणला, गरम पाण्यात धरून वाकवला आणि हेडलाइटच्या मागून खाली नेऊन बंपरच्या जाळीशी सोडला. तिथं समोरून ताजा वारा यायचा. इंजिनाची धग लागू नये म्हणून तेलाचा रिकामा डबा कापून मधे पत्र्याची भिंत उभी केली. पावसाचं पाणी आत ओढलं जाऊ नये म्हणून पाइपाला तळाशी एक भोक पाडलं. सांधे रबरानं बांधले, पट्ट्या आवळल्या.

दुपारचा डबा घेऊन आलेली कुसुमावती हे बघत उभी राहिली.

"एवढं काय असतं हो गार हवेत?"

"हे बघ. मापात लाह्या भरल्या आणि तांदूळ भरले, तर पोट कशानं भरेल?"

"तांदळानं."

"तशी गार हवा दाट असते. गरम हवा म्हणजे लाह्या. माप तेवढंच, आत काही नाही. पद्मनाभची गाडी लाह्या खातेय."

"मग सांगितलंत का त्यांना?"

गुंडुराव पाइपात डोकं घालून काहीतरी तपासायला लागले. त्या पाइपात डोकं मावत नव्हतं, तरी.

रिंग रोडवर दहा मैल गाडी पळवून त्यांनी बॉनेट उघडलं आणि डबड्यावर पालथा हात ठेवला. बत्तीस. गाडी चौथ्या गिअरमध्ये पायाचं ओझं पडायच्या आत निघत होती. त्या दिवसापासून आयुधपूजेपर्यंत गुंडुरावांना अन्न गोड लागलं.

आयुधपूजेला दोन्ही गाड्या सरस्वतीपुरमला फाटकासमोर धुऊन उभ्या राहिल्या. केळीचे खुंट बांधले, झेंडूच्या माळा चढल्या, चाकांखाली लिंबं ठेवली. नागोजीराव एकेका टायरला कुंकू लावत, वाकत, उठत, कमरेवर हात ठेवत पुढं सरकत होते. आणि कुणी मागितलेलं नसताना गुंडुरावांनी आपलं बॉनेट उघडलं.

मंडळी आली. बघितलं. करडा पाइप, तेलाच्या डब्याचा पत्रा. पत्र्यावर तेलाच्या कंपनीचं सूर्यफूल अजून हसत होतं.

गौराबाईनं तोंडावर पदर घेतला. "दाजी, हा न्हाणीघराचा पाइप इकडं कुठं आला? घरी आंघोळी कशा चालल्यात मग?"

हशा झाला. कुसुमावतीही हसली. ती हसली हे गुंडुरावांनी नोंदवून ठेवलं.

"गौरा, असं बोलू नको," पद्मनाभ म्हणाला. "साडूभाऊंनी घरच्या घरी एवढं केलंय, हेच मोठं आहे."

थट्टा परवडली असती. ही जी दया आली, ती गुंडुरावांच्या घशाखाली उतरेना. त्यांचा गार नळ सगळ्यांच्या देखत न्हाणीघराचा ठरला होता, आणि शेजारी तो तापलेला सुळका हळदीकुंकू लावून घेत एखाद्या नवऱ्या मुलासारखा बसला होता. पुरोहितानं कोहळा फोडला तेव्हा गुंडुरावांनी एक प्रार्थना केली. ती काय होती ते देवीला ठाऊक. पण तिच्यात स्वतःसाठी काही मागितलेलं नव्हतं.

विजयादशमी झाली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी पद्मनाभ एकटाच गॅरेजात आला. गाडी आत घेतली, आणि आधी रस्त्याकडं बघून मगच बोलला.

"साडूभाऊ, घरी बोलू नका. काल सुम्ने, सहज म्हणून, एकदा बेट्टावर जाऊन आलो. सणाची गर्दी, गाड्यांची रांग. तिसऱ्या वळणाशी गाडीचा दमच सुटला. पाय दाबतोय, दाबतोय, आणि ही आपली धापा टाकतेय. मागचे लोक हॉर्न मारून मारून माझी अब्रू काढतायत."

"असं?" गुंडुराव म्हणाले. आवाजात काळजी आणायचा त्यांनी प्रयत्न केला आणि तो बऱ्यापैकी जमला.

"तुम्ही बघा ना. रथाला पाच दिवस राहिलेत, आणि मामा माझ्या गाडीत बसणार आहेत."

गुंडुरावांच्या हातात पाना होता. तो त्यांनी सावकाश खाली ठेवला.

"मामांनी सांगितलं तसं?"

"परवाच म्हणाले, पद्मनाभ, यंदा तुझी नवी हवा खाऊ." तो हसला. "म्हणून म्हणतो, तुमच्याशिवाय कुणाला दाखवू? बेंगळूरवाला फोन उचलत नाही."

म्हणजे ते "बघू" संपलं होतं. एकवीस वर्षं संपली होती आणि कुणी त्यांना कळवलंही नव्हतं.

पद्मनाभ गाडी ठेवून रिक्षानं गेला. गुंडुरावांनी बॉनेट उघडलं. काम चार तासांचं होतं. पाइपाचा उरलेला तुकडा कोपऱ्यात होता, पत्रा होता, हात होते. ते स्टूल ओढून समोर बसले आणि त्यांना डोळ्यांपुढं बेट्ट दिसायला लागलं. तिसरं वळण. लाल गाडी धापा टाकत बाजूला थांबलेली. मागून आपली पांढरी, थंड श्वास घेत, हळूच शेजारी येऊन उभी. खिडकीची काच खाली. "मामा, काय झालं? या, इकडं बसा." एवढंच. पुढं काही बोलायची गरज नाही.

हे चित्र त्यांनी तीनदा पाहिलं. तिसऱ्यांदा त्यात सासऱ्यांच्या डोळ्यांत पाणीही होतं.

मग त्यांनी पितळ घासायची पावडर आणली आणि नळ घासला. दोन दिवस गाडी ठेवून घेतली. दोन्ही दिवस घासला. सुळका झटकला, रबर पुसलं, कुंकवाचे डाग काढले. इंजिनात दुसरं काहीही केलं नाही.

गाडी न्यायला आलेल्या पद्मनाभला त्या नळात स्वतःचा चेहरा दिसला आणि त्याचा चेहरा खुलला.

"झालं?"

"जे दिसतंय ते तुमच्यासमोर आहे," गुंडुराव म्हणाले. वाक्य अगदी खरं होतं. असं खरं वाक्य जुळवायला त्यांना दोन दिवस लागले होते.

"साडूभाऊ, तुमचे उपकार..."

"साकु, साकु, पुरे," गुंडुराव म्हणाले. "नातं आहे आपलं."

रथाच्या दिवशी सकाळी सातलाच बेट्टाच्या पायथ्याशी गाड्यांची रांग लागली होती. पुढं लाल गाडी. तिच्यात पद्मनाभ, शेजारी पांढरी टोपी घातलेले नागोजीराव, मागं गौराबाई. त्यांच्या मागं पांढरी गाडी. तिच्यात गुंडुराव, मागच्या सीटवर कुसुमावती. पुढच्या सीटवर नारळांची पिशवी ठेवली होती आणि ती प्रत्येक वळणाला गुंडुरावांच्या अंगावर कलत होती.

समोरच्या काचेतून सासऱ्यांची टोपी दिसत होती. टोपी उजवीकडं वळे, म्हणजे ते पद्मनाभशी बोलत होते. पद्मनाभ हसला की त्याचे ते शाबूत केस हलत. एवढं काय बोलण्यासारखं असतं? एकवीस वर्षांत आपल्याशी ते या रस्त्यावर एवढे बोलले होते का, याचा गुंडुराव हिशेब करायला लागले आणि पहिल्याच वळणावर तो त्यांनी सोडून दिला.

दुसरं वळण. रांग मुंगीच्या पावलानं सरकत होती. पांढरी गाडी मुकाट वर चढत होती. गुंडुरावांनी काच खाली करून कान दिला. पुढच्या गाडीचा आवाज जड झाला होता.

"अहो, तुम्ही हसताय का?" मागून कुसुमावतीनं विचारलं.

"ऊन आलं डोळ्यांवर."

तिसऱ्या वळणाला लाल गाडी एकदा पुढं सरली, एकदा मागं आली, खोकली आणि बाजूच्या कठड्याला लागून थांबली. गुंडुरावांनी आपली गाडी अलगद तिच्या मागं लावली. सगळं मनात पाहिल्याप्रमाणे चाललं होतं. ते उतरले, शेजारी गेले, तोंड उघडलं.

"मामा, काय झालं? या..."

पण मामा केव्हाच दार उघडून खाली उतरले होते. त्यांनी कठड्याला धरून स्वतःला सरळ केलं, पद्मनाभला बॉनेट उघडायला लावलं आणि त्या लखलखीत नळावर पालथा हात धरला. टेकवला नाही, बोटभर वर धरला, कढईवर धरावा तसा.

"साठ," ते म्हणाले.

"बासष्ट," गुंडुरावांच्या तोंडून निघून गेलं. हात न लावता; डोळ्यांनीच.

नागोजीरावांनी वळून बघितलं. "असेल. माझा हात आता म्हातारा झालाय. काय झालंय याला?"

"सुळका इंजिनाच्या कुशीत बसलाय, मामा. बाहेरची हवा मिळत नाही, इंजिनाचीच गरम हवा पितोय. चढावर वारा नाही, त्यामुळं दम सुटतो."

"कधीपासून असं आहे?"

"गणेश चतुर्थीपासून. बसवल्यापासून."

"आणि तुला कधीपासून ठाऊक?"

मागं हॉर्न वाजत होते. पद्मनाभच मधे पडला.

"त्यांना कसं ठाऊक असेल, मामा? मी पाच दिवसांपूर्वी गाडी दिली होती त्यांच्याकडं. दोन दिवस राबले बिचारे, पुसून लख्ख करून दिली. ठाऊक असतं तर सांगितलं नसतं का त्यांनी?"

हे ऐकून घेणं गुंडुरावांना जड गेलं. नागोजीराव विचारत राहिले असते तर त्यांनी काहीतरी जुळवलं असतं. दोन दिवसांत त्यांना सराव झाला होता. पण हा माणूस भर रस्त्यात, घाम पुसत, त्यांच्या बाजूनं उभा राहिला होता, आणि त्याच्या म्हणण्यात एकही शब्द टोचून बोललेला नव्हता.

"चतुर्थीपासूनच," गुंडुराव म्हणाले. "त्याच दिवशी हात लावून बघितला होता."

पद्मनाभनं नळाकडं बघितलं, मग त्यांच्याकडं.

"पण फार छान म्हणालात तुम्ही."

"नळ छानच आहे."

"आणि गॅरेजात काय केलंत दोन दिवस?"

"घासला."

गौराबाई खिडकीतून डोकं काढून ऐकत होती. तिला काहीतरी बोलायचं होतं. कुसुमावतीनं खाली उतरून तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि नवऱ्याकडं अशा नजरेनं बघितलं की गुंडुरावांना तो हॉर्नचा गोंगाट बरा वाटला.

पद्मनाभ कठड्यावर बसला आणि म्हणाला, "साडूभाऊ, माझं लग्न होऊन अठरा वर्षं झाली. घरी कुणी आलं की मामा तुमचा हात धरून दाखवतात, हा बघा, माझा हात याच्यात उतरलाय म्हणून. माझा हात त्यांनी एकदाच धरला. कन्यादानाला." तो उठला. "म्हणून आणला होता नळ. जाऊ दे. आता काय लागेल ते सांगा."

गुंडुरावांनी खाली मान घालून हवेची वाट शोधायला सुरुवात केली. ते सोपं होतं.

"इंजिन आणि सुळक्यामधे आडोसा पाहिजे. आणि जाळीपासून सुळक्यापर्यंत पाइप. पाइप इथं कुठला मिळणार? ताडपत्री असती तरी गुंडाळून केला असता."

पद्मनाभनं डिकी उघडली. आत घडी घातलेला मोठा फ्लेक्स होता. वर रथाजवळ बांधायला आणलेला. उलगडला तर देवीचा रथ कोपऱ्यात बेताचा, आणि उरलेल्या सगळ्या जागेत हात जोडून हसणारा पद्मनाभ. खाली, 'भाविकांचे स्वागत.'

"याचा करा," पद्मनाभ म्हणाला.

गुंडुरावांनी आपल्या डिकीतून कात्री, तार आणि पट्ट्या आणल्या. फ्लेक्स रस्त्यावर पसरला. रथाला धक्का लागू नये, हे उघडच होतं. मग कापायला उरत होता तो साडूचा चेहरा. गेल्या दीड महिन्यात ही संधी मिळाली असती तर त्यांनी काय दिलं नसतं! कात्री त्यांनी कपाळाशी लावली आणि थांबले.

"केसांवरून कापू का?"

"कापा हो, साडूभाऊ, कुठूनही."

कापताना म्हणावा तसा आनंद झाला नाही. थोडा झाला.

ओला टॉवेल नळावर टाकून त्यांनी इंजिन निवू दिलं. फ्लेक्सची दुहेरी घडी करून मधे भिंत बांधली, उरलेल्या पट्टीची नळी गुंडाळून तारेनं आवळली आणि बंपरच्या जाळीपासून सुळक्याच्या तोंडापर्यंत नेली. नळीवर पद्मनाभचा अर्धा जबडा आला, बाहेरच्या अंगाला, दात दाखवत. पंचवीस मिनिटं गेली. गाडी सुरू केली. गुंडुरावांनी सुळक्याजवळ पालथा हात धरला, आणि मग, त्यांना स्वतःलाही कळलं नाही का, पद्मनाभचं मनगट धरून त्याचाही हात तिथं पालथा धरला.

"किती वाटतंय?"

"गार वाटतंय," पद्मनाभ म्हणाला.

"किती ते सांग."

"तीस?"

"छत्तीस. पण सुरुवातीला सगळ्यांचं असंच होतं."

आता बसायचं कसं, हा प्रश्न आला. गुंडुरावांनी नारळांची पिशवी उचलून मागं ठेवायला घेतली, हळूच, कुणाच्या लक्षात येणार नाही अशी. नागोजीरावांच्या लक्षात आली.

"गुंडू, ही लाल गाडी तू चालव. हे तुझं बांधकाम आहे, मधे सुटलं तर तूच उतरून बांधशील. मी इथंच बसतो. पद्मनाभ, तू मुलींना घेऊन त्याची गाडी आण."

अशा रीतीनं गुंडुरावांच्या शेजारी पुढच्या सीटवर सासरे बसले. बाविसावं वर्ष. फक्त गाडी साडूची होती. फ्लेक्सला धग लागू नये म्हणून त्यांनी ती जपून, पावलापुढं पाऊल टाकल्यासारखी वर काढली. नागोजीरावांची टोपी सरळ समोर होती.

नंदीच्या फाट्याशी रस्ता रुंद होतो. तिथं मागून ओळखीचा आवाज आला. भरलेला, दमदार, खालून ओढणारा. हा आवाज त्यांनी आजवर आत बसूनच ऐकला होता, बाहेरून कधी नाही. पांढरी एस्टीम शेजारून निघाली. पद्मनाभ एका हातानं चालवत होता आणि गाडी जणू सपाटीवर असल्यासारखी चढत होती. पुढच्या सीटवर कुसुमावती होती. मागून गौराबाई काहीतरी सांगत होती आणि कुसुमावती मान मागं टाकून हसत होती. तिनं खिडकीतून हात काढला.

"अहो! किती हलकी चालते हो आपली गाडी! पद्मनाभभाऊजी किती अलगद चालवतात!"

आणि गाडी पुढं गेली. मागची काच आणि तिच्यावरची झेंडूची वाळकी माळ तेवढी दिसत राहिली.

"चांगली ओढते," नागोजीराव म्हणाले.

"माझी आहे ती, मामा."

"माहीत आहे मला. कुसुम पुढं बसलेली पहिल्यांदाच पाहिली या रस्त्याला. एकवीस वर्षं मी बसायचो ना तिथं." त्यांनी टोपी नीट केली. "पोर हसते छान."

गुंडुरावांनी समोर बघितलं. वळणावर पांढरी गाडी क्षणभर आडवी दिसली. खिडकीत बायकोचा हात, आणि स्टिअरिंगमागं ते केस. सात महिने घासलेलं हेड, दीड दिवस वाकवलेला पाइप, पंचवीस वर्षं संसार केलेली बायको, सगळं एका रांगेत बसून पद्मनाभबरोबर वर चाललं होतं. त्यांनी गिअर खाली घेतला आणि पाय दाबला. बॉनेटखाली फ्लेक्स फडफडला.

"सावकाश रे," नागोजीराव म्हणाले. "रथ काही पळून जात नाही."

"रथ नाही, मामा," गुंडुराव दात आवळून म्हणाले. "पद्मनाभ."